दोन पोळ्यांचं नाणं

"हा कागद तुम्ही माझ्याकडून का घेतलात?"

देवरुखकर सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. भर दुपारची वेळ, माझ्या पोळी-भाजी केंद्राच्या काउंटरवर माणसं खोळंबलेली, आत तवा तापलेला, आणि हे उंच, जरा पोक आलेले गृहस्थ माझ्या हातात नोट देऊन वर मलाच विचारतायत, का घेतलीत म्हणून. मी म्हटलं, "मग काय काका, पोळ्या फुकट देऊ?"

"तसं नाही. पोळीला कणीक लागते, तेल लागतं, तुमचे खांदे दुखतात. हा नुसता छापलेला कागद. तो तुम्ही का घेतलात?"

"वाणी माझ्याकडून घेतो म्हणून."

"आणि वाणी का घेतो?"

रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "काकी, त्यांना आधी पोळ्या द्या, नाहीतर इथेच संध्याकाळ होईल." सगळे हसले. सरही हसले. पोळ्यांची पिशवी घेऊन निघताना म्हणाले, "उत्तर सापडलं तर सांगा. मी चाळीस वर्षं विचारतोय, कोणी सांगत नाही." मला वाटलं, उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

डोकं फिरलेलं नव्हतं. कल्याणच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्त होऊन आमच्या समोरच्या इमारतीत, डोंबिवलीत मानपाड्याच्या रस्त्याला, दोन खोल्यांत राहत होते. बायको नलिनीताई गेलेल्या, मुलगी बंगळुरूला. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली. पैसा काढायचा मक्ता एकट्या सरकारकडे का? ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे अशा कोणालाही स्वतःचं चलन काढायची कायद्याने मोकळीक हवी, आणि कोणाचं घ्यायचं ते लोकांनी ठरवावं. "सरकारचा रुपया बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही," ते सांगायचे. "शेजारी दुसरं दुकान उघडू द्या, एवढंच म्हणतो. दोन दुकानं असली की तराजू नीट राहतो."

हे ऐकायला माणूस मिळत नसे. लिफ्टमध्ये सर दिसले की लोकांना जिन्याने चढायची हुक्की यायची. सोसायटीच्या पूजेला त्यांच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची. सर एकदा मला म्हणाले, "माझ्या निरोपसमारंभात सगळे बोलले. सर कधी उशिरा आले नाहीत, सरांचं अक्षर सुंदर आहे, सर फळा स्वतः पुसायचे. पण मी तीस-पस्तीस वर्षं काय सांगत होतो, त्यावर एक जण बोलला नाही." हे सांगतानाही ते हसत होते. मला तेव्हा हसू आलं नाही.

ते माझ्या काउंटरला चिकटले ते टोकनांमुळे. त्याचं असं झालं. सुट्ट्या पैशांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. गोळ्या-चॉकलेटं देऊन लोकांची तोंडं बंद करायची मला लाज वाटे. मग मी कल्याणच्या बाजारातून प्लास्टिकची लाल टोकनं करून आणली, त्यावर माझ्या नावातला 'मं' उठवलेला. महिन्याचे पैसे आधी भरा, टोकनं घेऊन जा. एक टोकन, चार पोळ्या. नोकरीवाल्या बायकांना ते सोयीचं झालं. पुढे फोन दाखवून पैसे द्यायची पद्धत आली तरी टोकनं राहिली, कारण घरातलं कोणीही खाली पाठवलं की टोकन चालतं, त्याला चार्जिंग लागत नाही.

एके दिवशी सर आले ते धापा टाकतच. हातात इस्त्रीचे दोन शर्ट. "मंदाताई, अहो, तुमचं टोकन रामसजीवनने घेतलं." रामसजीवन म्हणजे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. "पुढच्या बाईने इस्त्रीचे पैसे म्हणून लाल टोकन दिलं, त्याने मुकाट्याने गल्ल्यात टाकलं. मी विचारलं, हे का घेतलंस? तर म्हणतो, 'सर, शाम को रोटी तो लगताच ना.' तुम्हाला कळतंय का काय झालं?"

मला काय कळणार? मला एवढंच कळलं की टोकनं परत यायला वेळ का लागतो. पण सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग आम्ही लक्ष ठेवलं. फुलवाली घेत होती, भाजीवाला घेत होता, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई सुद्धा घेत होत्या. सर म्हणाले, "जे मी फळ्यावर लिहिलं आणि पुसलं, ते तुम्ही लाटण्याने करून दाखवलंत. फक्त एक सांभाळा. कायद्याने याला पैसा म्हणायचं नाही. तो कायदा बदलेपर्यंत आपण याला पोळीच म्हणू."

तेव्हापासून दुपारची गर्दी ओसरली की सर यायचे. मी त्यांच्यासाठी काउंटरच्या बाजूला एक स्टूल टाकलं. मी भाजी निवडायची, ते बोलायचे. मी अधूनमधून टोमणा मारायची, "सर, पाच मिनिटं झाली, अजून सरकारचं नाव निघालं नाही. बरं आहे ना?" ते खूश व्हायचे. आपली कोणीतरी थट्टा करतंय, याचंच त्यांना अप्रूप होतं. नोटेवरचा 'धारक' हा शब्द त्यांना फार आवडे. "धारक म्हणजे ज्याच्या हातात आहे तो. राजा असो, हमाल असो. चांगलं चलन नाव विचारत नाही मंदाताई, तेच त्याचं मोठेपण." घरी त्यांच्याशी बोलायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं. मुलीचा फोन रविवारी येई, तोही थोडा वेळ.

एकदा ते टोकन हातात फिरवत बसले, पुढे करेनात. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "मला सुट्टे हवेत. चार पोळ्यांचं मी काय करू? मी दोन खातो. उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी चामट होतात, टाकवत नाहीत. नलिनी होती तेव्हा हिशेब बरोबर बसायचा." मी आत गेले, सासूबाईंचा अडकित्ता आणला आणि एक टोकन मधोमध कापलं. कड तव्याच्या पाठीला घासून गुळगुळीत केली. सरांनी तो अर्धा तुकडा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "माझ्या माहितीत एका माणसाच्या जेवणासाठी कोणी नाणं पाडलेलं नाही." मी म्हटलं, "बघा, नाहीतर सरकारकडे अर्ज करायला लागला असता." पण त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले, आणि मी भाजीत मान घातली. त्यांच्या महिन्याची सगळीच टोकनं मग मी तशी कापून दिली.

पुढच्या वर्षी कणकेचा भाव चढला. तेल चढलं, सिलिंडर चढला. टोकनं आधीच विकलेली, पैसे खर्च होऊन गेलेले. आता एका टोकनाला तीन पोळ्या म्हटलं असतं तर बायकांनी मला उभी सोलली असती. मग मी जे सगळ्याच करतात ते केलं. गोळा जरा लहान केला. पोळी आकसली, पण चारच्या चार. कोणी काही बोललं नाही.

चार-पाच दिवसांनी सर आले, स्टुलावर बसले नाहीत. "मंदाताई, माझं ताट आहे ना, त्यात आतल्या बाजूला नलिनीचं नाव कोरलेलं आहे. लग्नातलं ताट. तुमची पोळी पसरली की ते नाव झाकलं जायचं. आता दिसतं. सोमवारपासून जेवायला बसलो की ती समोर दिसते." मला वाटलं, बायकोची आठवण काढतायत. मग ते हळूच म्हणाले, "तुम्ही पोळी लहान केलीत. न सांगता. सरकार नेमकं हेच करतं."

मी भडकले. "सर, भाव कुठे गेलेत माहीत आहे का? तुमचं पेन्शन येतं, मला कोण देतं?"

"मग उघड सांगा. पाटी लावा, नवीन टोकनाला तीन. जुन्याला चार द्या, शब्द दिलाय म्हणून. लोक रागावतील, पण फसणार नाहीत."

"आणि ते गेले तर? तुम्हाला काय जातंय बोलायला?"

त्यांनी पोळ्यांची पिशवी उचलली. म्हणाले, "जाऊन कुठे जाणार? रस्त्यावर धड चालणारं केंद्र तुमचं एकच आहे. तुम्ही वाईट नाही आहात. एकटं दुकान असलं की कोणीही असंच करतं." आणि गेले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. रस्त्याच्या पलीकडे शीतल म्हणून एका मुलीने आणि तिच्या नवऱ्याने नुकतंच केंद्र टाकलं होतं. रखडत चाललेलं. सर तिथे गेले आणि त्यांना टोकनं काढायला शिकवली. निळी. एवढ्यावर थांबले नाहीत, रामसजीवनकडे, फुलवालीकडे स्वतः जाऊन सांगून आले, "हेही घ्या, बाई प्रामाणिक आहे." माझ्या काउंटरवरून मला सगळं दिसत होतं. माझे सर, रस्त्यापलीकडे, दुसऱ्याच्या काउंटरला टेकून बोलतायत.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले. स्टूल मी आत ठेवून दिलं होतं. मी म्हटलं, "सर, याला खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात. इतकी माणसं तुमच्यापासून पळायची, मी बसवून घेतलं. त्याचं हे फळ?"

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "आख्ख्या डोंबिवलीत मला बोलायला एक तुम्हीच आहात. दोन रात्री विचार केला मी, जाऊ की नको. पण चाळीस वर्षं जे सांगितलं, ते माझ्या सोयीच्या माणसाला लागू नाही म्हणालो, तर मग मी नुसताच बडबडत होतो असं होईल."

"मग बसा तुमच्या चाळीस वर्षांशी बोलत," मी म्हटलं. ते अर्धं टोकन काउंटरवर ठेवून, दोन पोळ्या घेऊन गेले. त्यानंतर रोज यायचे, टोकन ठेवायचे, पोळ्या घ्यायचे, जायचे. मी एक शब्द बोलत नसे. शीतलकडे ते पोळ्या घेत नव्हते, आणि तिच्याकडेही कोणी त्यांच्यासाठी स्टूल टाकलं नव्हतं. दुपारी ते त्यांच्या गॅलरीत उभे दिसायचे, कठड्याला धरून, खालची रहदारी बघत. मला वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं की राग आणखी यायचा.

आता खरं तेही सांगायला हवं. आठवड्याभरात रामसजीवन मला म्हणाला, "काकी, 'लाल नको, निळा द्या' असं लोकांना सांगतो मी. निळ्याची रोटी मोठी." मी त्याच संध्याकाळी पाटी लावली. नवीन, भोक पाडलेल्या टोकनाला तीन, जुन्याला चार, आणि पोळी पहिल्याच मापाची. काही गिऱ्हाइकं गेली, बरीचशी परत आली. लाल आणि निळं दोन्ही रस्त्यावर फिरू लागलं. सरांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं आणि ते त्यांना सांगायला मी तयार नव्हते.

दिवाळीनंतर एका सकाळी शीतलच्या गाळ्याचं शटर उघडलंच नाही. गाळ्याचं भाडं वाढलं, त्यात नवऱ्याचं काहीतरी बिनसलं, दोघं सामान उचलून गावाला गेली. फोन बंद. लोकांच्या हातात निळी टोकनं तशीच राहिली. फुलवालीकडे तर ओंजळभर होती. मग सगळे सरांच्या दारात. "सर, तुम्हीच म्हणालेलात ना, घ्या म्हणून?" सर कोणाशी वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "हो, मीच म्हणालो होतो. उद्या दुपारी खाली या."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या रांगेत उभे राहिले, मागे निळीवाली माणसं. त्यांचा नंबर आला तेव्हा नोटा पुढे करून म्हणाले, "वीस पोळ्या." त्या मागे वाटून टाकल्या, निळी टोकनं घेऊन खिशात टाकली. तिसऱ्या दिवशीही तेच. पेन्शनचा आकडा मला ठाऊक होता. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजताय? द्या ती निळी इकडे, मी घेते. एकदाच काय ते होईल."

"अजिबात नको," ते जवळजवळ दटावून म्हणाले. "तुम्ही घेतलीत तर लोक उद्या कोणाचंही टोकन डोळे मिटून घेतील. म्हणतील, बुडालं तर मंदाताई आहेतच. हीच तर सगळी गोची आहे. चूक माझी, मी पारख न करता शब्द दिला. मलाच फेडू द्या."

मी आत जाऊन स्टूल आणलं आणि बाहेर ठेवलं. ते बघून म्हणाले, "आज नको. आज मी गिऱ्हाईक आहे, मागे रांग आहे." सगळी निळी संपली त्या दिवशी मात्र ते आले, बसले, आणि पहिल्यांदाच सरकारविषयी काही बोलले नाहीत. मी विचारलं, "आता झाकलं जातं का नाव?"

"झाकलं जातं," ते म्हणाले. "थोडं दिसलं असतं तरी चाललं असतं आता. सवय झाली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बोलत नव्हतात ना, तेव्हा फार जड गेलं, मंदाताई."

मलाही गेलं, असं मी त्यांना सांगितलं. बरं झालं सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात सर बाथरूममध्ये पडले. मुलगी येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी खिशातून अर्धं टोकन काढून मला दाखवलं. "हे वटवायला परत येणार आहे. पोळीचं माप सांभाळा." मी म्हटलं, "तुमच्या मागे माप कमी करायची माझी काय बिशाद?" सहा-सात महिन्यांनी मुलीचा फोन आला. बाबा गेले. दहावं-बारावं उरकल्यावर तिने कपाट आवरलं तेव्हा शर्टाच्या खिशात लाल प्लास्टिकचा तुकडा सापडला, तो तुमच्याकडचा आहे असं बाबांनी सांगितलं होतं, काय आहे ते? मी म्हटलं, "दोन पोळ्या आहेत गं. ठेव तुझ्याकडे. कधी आलीस तर घेऊन ये, वाढेन." ती फोनवर रडली. मीही रडले, रांग तशीच उभी ठेवून.

मला वाटलं होतं, सर गेले, आता अर्धी टोकनं कापायचं संपलं. ती मी एका माणसासाठी कापली होती. पण सर असतानाच लोकांनी त्यांच्या हातात ती बघितली होती. आधी तिसऱ्या मजल्यावरच्या साठे आजी आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "मला पण ते अर्धं देशील का? तीन संपत नाहीत." मग औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला, खोलीवर एकटाच राहणारा लातूरकडचा मुलगा. मग बायको सोडून गेलेले बँकेतले एक साहेब, मुलं परदेशी असलेल्या दोघी बहिणी, त्यातली एक गेल्यावर उरलेली एक. अडकित्त्याने कापून हात दुखायला लागले तेव्हा मी कल्याणला जाऊन अर्धी टोकनं वेगळी पाडून घ्यायला लागले. अर्ध्याला मात्र मी दोनच पोळ्या ठेवल्या, त्याचा भाव वेगळा. मागच्या खेपेला टोकनवाला म्हणाला, "ताई, काही चूक होतेय का? पूर्णपेक्षा अर्धीच जास्त सांगितलीत." मी म्हटलं, "चूक नाही. आमच्याकडे तीच जास्त लागतात."

सरांचं बहुतेक सगळं मला पटलं. पोळीचं माप मी हलवलेलं नाही, भाव चढला की पाटी लावते. चलनाचा तो कायदा काही अजून बदललेला नाही, आणि रामसजीवनला तर ते माहीतही नाही, तो आपला टोकन गल्ल्यात टाकतो. फक्त एक गोष्ट मी त्यांची ऐकत नाही. चांगलं चलन नाव विचारत नाही, असं ते म्हणायचे. पूर्ण टोकन घेऊन कोणी आलं तर मी विचारत नाही. अर्धं घेऊन आलं की विचारते. स्टूल बाहेरच असतं.